बी.ई.२सीचे छोटे मॉडेल : आधी तारा, मग जोडणी

स्पिटफायरसारख्या एकपंखी विमानांची किट जोडण्याचा सराव असलेल्या माणसाला द्विपंखी विमान हातात घेतल्यावर पहिली अडचण येते ती क्रमाची. एकपंखी विमान आधी जोडायचे आणि मग रंगवायचे, ही सवय हाताला लागलेली असते. द्विपंखी विमानात मात्र वरचा पंख एकदा बसला की धडाची वरची बाजू, खालच्या पंखाचा पृष्ठभाग आणि मधले खांब ब्रशच्या आवाक्याबाहेर जातात, आणि पंखांमधल्या तारांसाठी भोके पाडायला तर जागाच उरत नाही. म्हणून या कामाचा आराखडा शेवटापासून, म्हणजे तारांपासून, मागे येत आखावा लागतो. कोणती तार कुठून कुठे जाते हे ठरल्याशिवाय एकही सुटा भाग दुसऱ्याला चिकटवू नये, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढची सगळी पद्धत त्याच मतावर उभी आहे.

उदाहरणासाठी मी पहिल्या महायुद्धातले ब्रिटिश बी.ई.२सी हे विमान घेतो. एकास बहात्तर या मापात एअरफिक्स या ब्रिटिश किट-कंपनीने त्याचे किट काढलेले आहे. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार ११.२९ मीटर आणि लांबी ८.३१ मीटर होती. त्यामुळे तयार झालेले मॉडेल साधारण १५७ मिलिमीटर रुंद आणि ११५ मिलिमीटर लांब होते, म्हणजे तळहातावर सहज मावते. किट निवडताना मापाइतकाच विमानाचा इतिहासही मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो जोडणीतले कित्येक निर्णय परस्पर ठरवून टाकतो.

मूळ बी.ई.२ची आखणी जेफ्री डी हॅविलँड यांची होती. इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या सरकारी कारखान्यात एडवर्ड बस्क यांनी त्यात बदल करून हवेत आपणहून स्थिर राहणारे बी.ई.२सी घडवले. हे विमान टेहळणीसाठी उत्तम ठरले, पण १९१५ मध्ये जर्मनांचे फोकर लढाऊ विमान समोर आल्यावर त्याच स्थिरतेमुळे त्याला चटकन वळता येईना. त्यात निरीक्षक पुढच्या आसनावर, पंख, खांब आणि तारा यांच्या जंजाळात बसत असल्याने त्याला बंदूक धड फिरवताही येत नसे. हे जंजाळ मॉडेलमध्ये खरे दिसले, तरच ते विमान बी.ई.२सी वाटते. आपल्याकडचा संबंधही नोंदवण्याजोगा आहे. हिंदुस्थानात आलेली पहिली लष्करी विमान तुकडी, ३१ वी स्क्वाड्रन, १९१५ च्या अखेरीस मुंबईत उतरली आणि तिथून वायव्य सरहद्दीवरच्या रिसालपूरला गेली. तिची विमाने बी.ई.२सी होती. त्याच सुमारास मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा येथे सहावी पुणे डिव्हिजन वेढ्यात अडकली होती आणि तिच्यात १०३ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीसारख्या मराठा पलटणी होत्या. एप्रिल १९१६ मध्ये, २९ तारखेच्या शरणागतीपूर्वीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत, त्यांच्यासाठी धान्याची पोती आकाशातून टाकणाऱ्या विमानांत बी.ई.२सी होती. माझ्या कपाटातले मॉडेल मी या विमानांच्या आठवणीने केले आहे.

साहित्य

साहित्य फार लागत नाही, पण जे लागते ते चांगले हवे. सुटे भाग किटमध्ये ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्यातून ते कापण्यासाठी धारदार साइड कटर, नवी पाती असलेला हॉबी नाइफ, ४०० पासून १००० नंबरपर्यंतचे पॉलिश पेपर, टोकदार चिमटा, प्लॅस्टिक विरघळवून जोडणारे पातळ सिमेंट, फेव्हिक्विक आणि ०.३ मिलिमीटरचे ड्रिल बिट धरणारा पिन व्हाइस, एवढे असले की काम सुरू करता येते. ०.३ मिलिमीटरची बिटे किमान पाच-सहा तरी आणून ठेवावीत. ती मोडतातच, आणि मोडलेला तुकडा भोकात अडकला तर शेजारी नवे भोक पाडण्यावाचून गत्यंतर नसते.

तारांसाठी धागा कोणता घ्यावा, हा प्रश्न जरा सविस्तर पाहायला हवा. एकास बहात्तर मापात ०.१ मिलिमीटरचा धागा खऱ्या मापात ७.२ मिलिमीटरचा ठरतो. त्याहून जाड काहीही लावले की विमान दोरखंडाने बांधल्यासारखे दिसते. मासेमारीची तंगूस मजबूत असते, पण दुकानात सहज मिळणारी तंगूस बहुधा यापेक्षा जाड निघते. शिवणसामानाच्या दुकानात मिळणारा पारदर्शक नायलॉन धागा पुष्कळदा याच जाडीच्या आसपास असतो आणि तो स्वस्तही पडतो. ताणला जाणारा लायक्राचा बारीक धागा वापरायला सर्वांत सोपा, कारण चुकून बोट लागले तरी तो तुटत नाही आणि खांबही मोडत नाही. मात्र तो आपल्या ताणाने पंखांना आधार देत नाही, आणि उष्णता लागली की तुटतो. चौकटीचा तुकडा मेणबत्तीवर मऊ करून ओढलेली प्लॅस्टिकची तार दिसायला सर्वांत सुंदर असते. ती लहान लांबीसाठी, म्हणजे चाकांच्या सांगाड्यात किंवा शेपटीपाशी, वापरावी. पंखांसाठी मी नायलॉन घेतो.

तारांचा नकाशा आणि भोके

बी.ई.२सीच्या पंखांना धडाच्या प्रत्येक बाजूला खांबांच्या दोन जोड्या असतात, आणि मध्ये धडावर चार आखूड खांब वरच्या पंखाला पेलतात. खांबांच्या जोड्यांमुळे प्रत्येक बाजूला दोन गाळे पडतात. प्रत्येक गाळ्यात पुढे आणि मागे अशा दोन चौकटी असतात आणि प्रत्येक चौकटीत दोन तारा एकमेकींना छेदतात. खालून धडाजवळून निघून वर बाहेरच्या खांबाच्या माथ्याकडे जाते ती उड्डाणाची तार; हवेत पंख वर उचलले जातात तेव्हा भार तीच घेते. वरून आतल्या बाजूने निघून खाली बाहेरच्या खांबाच्या पायाशी येते ती उतरण्याची तार. विमान जमिनीवर उभे असताना पंखांचे वजन तिच्यावर असते. याशिवाय पुढच्या आणि मागच्या खांबांमध्येही फुलीच्या आकारात दोन-दोन तारा असतात. उड्डाणाच्या तारा एकेरी धरल्या तरी एका बाजूच्या बारा आणि दोन्ही बाजूंच्या मिळून चोवीस तारा होतात, आणि त्यात मधल्या खांबांच्या, चाकांच्या, पंखांवरच्या झडपांच्या आणि शेपटीच्या तारा धरलेल्या नाहीत. किटच्या पत्रकातल्या आकृतीची झेरॉक्स काढून प्रत्येक तारेला क्रमांक द्यावा आणि बसलेली तार त्यावर खोडत जावी. हे कंटाळवाणे वाटते, पण तिसऱ्या दिवशी मध्येच काम थांबवून पुन्हा बसल्यावर त्या कागदाची किंमत कळते.

भोके पाडण्याची माझी पद्धत अशी : वरच्या पंखाच्या खालच्या बाजूला, खांबांच्या खाचांना अगदी लागून, निम्म्या जाडीपर्यंतच भोक घ्यायचे, खालच्या पंखाला मात्र आरपार भोक पाडायचे. धाग्याचे एक टोक वरच्या पंखात आधीच घट्ट बसवलेले असते आणि दुसरे खालच्या पंखातून बाहेर येते, त्यामुळे ओढणे, चिकटवणे आणि कापणे ही तिन्ही कामे मॉडेलच्या खालच्या बाजूने होतात. बिट प्लॅस्टिकवर ठेवण्यापूर्वी सुईच्या टोकाने बारीक खळगा करून घ्यावा, नाहीतर ते गुळगुळीत पृष्ठभागावरून घसरते. पिन व्हाइस दोन बोटांत धरून, वरून जोर न देता, सावकाश फिरवत राहावे. बिटाच्या कडेने पांढऱ्या प्लॅस्टिकची कुरळी सालपटे वर येऊ लागली की वेग बरोबर आहे असे समजावे. सालपट येणे थांबून पांढरा भुगा दिसू लागला तर बिट बोथट झाले आहे किंवा तिरके लागले आहे. तारा तिरप्या जातात म्हणून भोकही त्याच दिशेने किंचित तिरके घ्यावे; सरळ भोकातून तिरपा निघालेला धागा तोंडाशी वाकतो आणि त्या जागी रंगाचा टवका उडतो.

भोके पाडून झाल्यावरच साफसफाईकडे वळावे. पंखांच्या मागच्या कडा किटमध्ये नेहमीच जाड असतात. त्या आतल्या बाजूने पात्याने खरवडून पातळ केल्या नाहीत, तर कापडाचा पंख लाकडी फळीसारखा दिसतो. पंखावरच्या फासळ्याही साच्यात गरजेपेक्षा उठावदार आलेल्या असतात. त्यांवरून १००० नंबरचा ओला पॉलिश पेपर दोन-तीनदा फिरवावा.

रंग आणि डेकल

आसने, लाकडी चौकट आणि वैमानिकाचा दांडा रंगवून कॉकपिट आधी पूर्ण करावे आणि मगच धडाचे अर्धे भाग जोडावेत. तयार मॉडेलमध्ये यातले फार थोडे दिसते, म्हणून इथे फार वेळ घालवू नये. धड जोडल्यावर सांधा पुट्टीने भरून घासावा आणि खालचा पंख व शेपटी बसवावी. खालच्या पंखाची टोके दोन्हीकडे सारखी वर उचललेली आहेत ना, हे पाहण्याचा सोपा उपाय म्हणजे सपाट लादीच्या तुकड्यावर मॉडेल ठेवून दोन्ही टोकांखाली सारख्याच नाण्यांची सारखीच चवड रचणे. सिमेंट वाळेपर्यंत, म्हणजे रात्रभर, ते तसेच राहू द्यावे. या विमानाचे शेपूट जमिनीला टेकलेले असते, त्यामुळे नाकात वजन भरण्याची गरज पडत नाही.

१९१५ आणि १९१६ च्या सुरुवातीच्या बी.ई.२सीच्या पंखांवरचे लिननचे कापड पारदर्शक डोपने, म्हणजे कापड ताठ करणाऱ्या लेपाने, ताणलेले असे, म्हणून त्याची छटा पिवळसर मलईची होती. पुढे वरच्या पृष्ठभागांना पी.सी. १० नावाचा रंग देऊ लागले. त्यात मुख्यतः पिवडी आणि काजळी असे, आणि त्यामुळे तो कधी हिरवट, तर कधी तपकिरी दिसे. नेमकी एकच छटा शोधत बसण्यापेक्षा आपल्या विमानाचा काळ ठरवून त्या काळातले छायाचित्र समोर ठेवावे. कुत किंवा रिसालपूरच्या आठवणीचे विमान करायचे असेल, तर लिननची छटा घ्यावी. शेपटीवरचा क्रमांक मात्र छायाचित्रात दिसत असेल तरच लावावा, मनाने लावू नये. नुसते डोप दिलेले लिनन उजेडासमोर अर्धपारदर्शक असल्याने खालून पाहिल्यावर फासळ्या आणि पंखांच्या आतल्या लाकडी तुळया गडद दिसत. हा परिणाम आणण्यासाठी खालच्या बाजूला आधी तपकिरी पातळ रेषा मारून त्यांवर लिननचा रंग पातळ करून दोन-तीन हातांत चढवावा आणि रेषा जेमतेम जाणवतील तिथे थांबावे.

विमानाच्या नाकावरचा चार पात्यांचा पंखा वेगळा रंगवावा. फिकट पिवळसर तपकिरी रंगाचा थर पूर्ण वाळल्यावर त्यावर बर्न्ट सिएना ऑइल कलर अगदी थोडा घ्यावा, कोरड्या ब्रशने पात्याच्या लांबीत ओढावा आणि ब्रशचे केस लाकडाच्या रेषा सोडत जातील असे पाहावे. कॅमलिनची साधी ट्यूब यासाठी पुरेशी आहे. हा रंग वाळायला चार-पाच दिवस सहज लागतात, म्हणून पंख्याचे काम पहिल्याच आठवड्यात उरकून तो बाजूला ठेवून द्यावा.

रंगावर चकचकीत क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक वार्निश, द्यावा, डेकल, म्हणजे कागदावर छापून आलेल्या खुणा, कोमट पाण्यात सोडवून बसवावेत आणि ते वाळल्यावर मंद चमकेचा कोट द्यावा. सुकाणूवरच्या तीन पट्ट्यांत निळा पट्टा पुढे, म्हणजे बिजागरीच्या बाजूला, आणि लाल मागे येतो. डेकल ओला असताना घाईत तो उलटा बसणे फार सोपे आहे. कोकणात आणि मुंबईत काम करणाऱ्यांनी पावसाळ्यात एक पथ्य पाळावे. दमट हवेत स्प्रे कॅनचा क्लिअर कोट वाळताना पांढुरका होतो. एका जुलैत माझ्या पूर्ण रंगवलेल्या पंखांवर असे धुके उतरले आणि तीन आठवड्यांचे काम मला पुन्हा घासून करावे लागले. तेव्हापासून जून ते सप्टेंबर मी क्लिअर कोट ब्रशनेच देतो, किंवा ते काम ऑक्टोबरपर्यंत थांबवतो.

वरचा पंख आणि तारा

आता वरचा पंख उलटा ठेवून त्याच्या प्रत्येक भोकात धागा बसवावा. धागा लागतो त्याच्या तिप्पट लांब ठेवावा. फेव्हिक्विकची नळी थेट मॉडेलजवळ कधीही नेऊ नये. तिचा एक थेंब प्लॅस्टिकच्या झाकणावर घ्यावा आणि धाग्याचे टोक त्याला जेमतेम टेकवून भोकात घालावे. जादा गोंद राहिला तर त्याच्या वाफेने आसपासच्या रंगावर पांढरा थर चढतो. बसवलेले सगळे धागे दोन्ही बाजूंना गटागटाने टेपने चिकटवून ठेवावेत, म्हणजे ते एकमेकांत गुंतत नाहीत.

वरचा पंख बसवण्यापूर्वी पुठ्ठ्याचा साचा करावा. पत्रकातल्या बाजूच्या आकृतीची प्रत एकास बहात्तर मापात काढावी, मॉडेलच्या धडाशी ताडून पाहावी आणि त्यावरून जाड पुठ्ठ्याचे दोन सारखे तुकडे कापावेत. प्रत्येकाला खालच्या पंखासाठी एक आणि वरच्या पंखासाठी एक खाच द्यावी. बी.ई.२सीचा वरचा पंख खालच्यापेक्षा पुढे सरकवलेला आहे, आणि साचा नसला तर हे पुढेपण एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त होते. साचे डाव्या-उजव्या टोकांजवळ लावून पंख कोरडाच बसवून पाहावा, समोरून आणि वरून नीट न्याहाळावा आणि सगळे मनासारखे असले तरच खांब चिकटवायला घ्यावेत. आधी मधले चार आखूड खांब बसवावेत, ते पूर्ण घट्ट झाल्यावर आतल्या जोड्या आणि शेवटी बाहेरच्या जोड्या घ्याव्यात. आठही खांब एकदम उभे करून वरून पंख टेकवण्याचा प्रयत्न करू नये. सात बसतात आणि आठवा निसटतो. इथे लवकर धरणारा गोंद नको, हळू वाळणारे सिमेंट हवे, कारण चूक दुरुस्त करायला दोन-तीन मिनिटे मिळणे आवश्यक असते. साचे दुसऱ्या दिवसापर्यंत काढू नयेत.

चाकांचा सांगाडा अजून लावलेला नसतो आणि तो मुद्दामच लावायचा नसतो, कारण खालची बाजू मोकळी हवी. नाकाखाली आणि शेपटीखाली पुस्तकांची एकेक चवड ठेवून मॉडेल उचलून घ्यावे. मग मधल्या गाळ्यापासून सुरुवात करून एकेक धागा आपल्या भोकातून खाली काढावा आणि त्याच्या टोकाला कपड्यांचा प्लॅस्टिकचा हलका चिमटा लावून लोंबता सोडावा. चिमट्याच्या वजनाने धागा सरळ होतो, आणि तेवढ्या वजनाने पंख वाकत नाही. डावीकडे एक तार लावली की लगेच उजवीकडची तीच तार लावावी. एका बाजूच्या सगळ्या तारा आधी ओढल्या तर पंख पिळवटतो, आणि तो पीळ नंतर कशानेही निघत नाही. दोन्हीकडचे चिमटे सारखे लोंबत असताना समोरून पाहावे, दोन्ही पंख समांतर दिसले की सुईच्या टोकाने खालून फेव्हिक्विकचा कणभर थेंब भोकाच्या तोंडाशी टेकवावा आणि अर्धा तास हात लावू नये. त्यानंतर नव्या पात्याने धागा पृष्ठभागाशी सपाट कापावा. पाते जुने असेल तर ते धागा कापण्याऐवजी ओढते आणि वरचे टोक सुटून येते.

एवढे करूनही एखादी तार सैल राहते. तिच्यासाठी पेटती उदबत्ती वापरावी. निखाऱ्यावरची राख झटकून तो तारेच्या खाली, बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर, एक क्षण धरावा आणि बाजूला घ्यावा. नायलॉन आकसतो आणि सैल पडलेली तार डोळ्यांदेखत ताठ होते. निखारा एकाच जागी धरून ठेवला तर तार वितळून तुटते आणि जवळचा खांबही मऊ पडतो, म्हणून आधी चौकटीच्या दोन तुकड्यांमध्ये धागा ताणून त्यावर दहा-बारा वेळा सराव करावा. लायक्राच्या धाग्याजवळ उदबत्ती नेऊच नये. तारा बसल्यावर नायलॉनची चमक घालवण्यासाठी बारीक ब्रशने गडद करड्या रंगाचा एक पातळ हात द्यावा आणि खालच्या भोकांवर पुट्टीचा ठिपका लावून रंग जुळवावा. भोक वर्तुळाच्या खुणेवर आले असेल तर निळा, पांढरा, लाल यांपैकी त्या जागचा रंग डेकलशी ताडून मगच लावावा.

त्यानंतर चाकांचा सांगाडा, त्यातली तारांची फुली, शेपटीची टेकणी आणि सुकाणूच्या तारा एवढे लावून होते. शेवटी इंजिनमधून वर चढून वरच्या पंखाच्या पुढून मागे जाणारे धुराचे दोन उभे नळ आणि पंखा बसवावा. हे नळ सगळ्यांत आधी मोडतात, म्हणून मी ते शेवटच्या दिवसापर्यंत चौकटीतून कापतही नाही. मॉडेल उचलताना ते कधीही पंखांना धरून उचलू नये. दोन बोटांनी धडाला, खालच्या पंखाच्या मागून धरावे. उघड्या कपाटात ठेवले तर तारांवर धूळ बसून त्या लोकरीसारख्या दिसू लागतात आणि ती पुसताना दोन-चार तारा जातातच. म्हणून मॉडेल पूर्ण झाले त्याच दिवशी ते अ‍ॅक्रिलिकच्या झाकणाखाली ठेवावे आणि झाकणाची आतली उंची पंखापर्यंत नव्हे, तर धुराच्या नळांच्या टोकापर्यंत मोजून घ्यावी.